दुसऱ्या भागावरचे अभिप्राय, मी लिहिलेले

मी न वाचलेल्या एका पुस्तकावर मी अकरा अभिप्राय लिहिले आणि ते दुसऱ्यांचे म्हणून छापले. हे आधीच सांगून टाकते. मला स्वतःबद्दल गोलगोल लिहिता येत नाही, आणि दुसऱ्यांबद्दल लिहिताना जे करता येतं त्याचीच ही हकीकत आहे.

करी रोडच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर जिन्याखाली एक वाचनालय आहे. म्हणजे होतं. दहा बाय बाराची खोली, चार कपाटं, एक बाक. गिरण्या चालू होत्या तेव्हा आजोबांच्या पिढीने वर्गणी काढून सुरू केलेलं. ते चालवायचे शेजारचे काका. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी वीस-बावीस वर्षं एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंग केलं, आणि निवृत्त झाल्यावर ही किल्ली घेतली. काकांचा एकच नियम होता: पुस्तक परत करताना मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या कागदावर दोन ओळी अभिप्राय लिहायचा. नाव नको, मजला लिहिला तरी चालेल. लिहिलं नाही तर पुढचं पुस्तक नाही. कागद भरला की काका त्याच्या खाली दुसरा चिकटवायचे आणि घडी घालायचे.

बहुतेक पुस्तकांचा पहिला कागदही अर्धा कोरा. एका पुस्तकाला मात्र इतके कागद जोडले गेले होते की उघडलं की पेटीचा भाता उघडावा तसे खाली यायचे. ते पुस्तक म्हणजे देवदूतांच्या एका इंग्रजी कादंबरीचा दुसरा भाग. जग बुडाल्यानंतरची गोष्ट. आकाशातून देवदूत उतरतात आणि शहरंच्या शहरं पाडतात, उरलेली माणसं पडक्या इमारतींतून लपून राहतात, आणि एक मुलगी त्यातल्याच एका देवदूताच्या प्रेमात वगैरे. एवढं मला मागच्या कव्हरवरून माहीत होतं. पहिला भाग कुणीतरी रद्दीत दिला होता. पोरांनी काकांचं डोकं खाऊन दुसरा भाग आणायला लावला.

मी तेव्हा भाडेकरूंच्या एका डाव्या संघटनेत होते. अजून आहे. आमच्याकडे मी पत्रकं लिहायचे. लालबागच्या नाक्यावर वाटायची, शिवाजी पार्कला सकाळी फिरणाऱ्या निवृत्त लोकांच्या हातात कोंबायची. हे काम मला ज्यांनी शिकवलं ते म्हणायचे, जनतेला काय वाटतं ते आधी जनतेला सांगावं लागतं. मला ते वाक्य फार आवडायचं. आमच्या पत्रकांत 'एक संतप्त गृहिणी' असायची, 'एक जागरूक भाडेकरू' असायचा. त्या सगळ्या मीच. चांगल्या जमायच्या. त्यात खोटं काही आहे असं मला कधी वाटलंच नाही. संतप्त गृहिणी काय कमी आहेत का गिरणगावात? मी फक्त त्यांचं काम वाचवत होते.

मग चाळ पाडून टॉवर उभा करायचं ठरलं. नकाशा आला. त्यात गाड्यांना तीन मजले होते, वाचनालयाला खोली नव्हती. आमचा सेक्रेटरी म्हणाला, "मागणी करू ना. पण वाचणारे दाखवा. उद्या विकासकाने विचारलं, कोण येतं तिथे, तर मी काय सांगू, काका येतात आणि पंखा लावून बसतात?" त्याला त्या जागी म्हाताऱ्यांना बसायला हॉल हवा होता. मी त्याला बिल्डरचा माणूस म्हणायचे, तोंडावरसुद्धा. तो नव्हता. त्याची आई तिसऱ्या मजल्यावरून चार वर्षांत खाली उतरली नव्हती, हे मलाही माहीत होतं.

रविवारी सर्वसाधारण सभा होती. हात वर करून ठरणार होतं: खोली वाचनालयाला मागायची की नाही. एकदा नकाशा पक्का झाला की मग विषय संपला.

काकांनी मला बोलावलं. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर हिरवी पट्टी. ते पुस्तक माझ्या हातात दिलं.

"यातले अभिप्राय उतरवून काढ. चार पानी छाप. सभेच्या आधी घरोघरी जाऊ दे. जसेच्या तसे हं."

"हो काका."

"जसेच्या तसे. पोरं मस्त भांडलीत त्यात."

मी घरी जाऊन भाता उघडला. खरोखर भांडली होती.

'पहिला पार्ट बेस्ट होता. यात तो एंजल अर्ध्या पुस्तकापर्यंत येतच नाही. वेट करून करून झोप आली. तिसरा मजला.'

'तिसरा मजला, तू झोपच. तो येत नाही म्हणूनच मजा आहे.'

'कोणीतरी पान ६४ फाडलंय. ज्याने फाडलं त्याच्यावर देवदूत पडो.'

'हिची आई शेवटी मरते काय?' त्याखाली वेगळ्या शाईत: 'सांगू नका रे कोणी!!!' त्याखाली: 'मरते.' त्याखाली एक शिवी, काकांनी खोडलेली, पण वाचता येईल इतपतच.

मग नववीतल्या एका मुलीचं होतं. दुसऱ्या मजल्यावरची, दोन वेण्या घालणारी, जिन्यात भेटली की भिंतीला चिकटून वाट देणारी. तिने खाली मजला आणि इयत्ता घालून दोनऐवजी सात ओळी लिहिल्या होत्या.

'पहिल्या भागात देवदूत वाईट होता तेव्हा मला आवडायचा. आता चांगला झालाय आणि बोअर झालाय. पण शहर पडल्यावर ती मुलगी आपल्या शेजारणीच्या दारावर टकटक करते तिथे मी अडकले. दार उभं आहे, मागे घर नाही. तिला ते दिसतंय. तरी ती टकटक करते आणि थोडं थांबते. मी दोन दिवस पुढे वाचलं नाही. मग वाचलं.'

आणि एका आंटींचं होतं. परळच्या एका जुन्या ख्रिस्ती बिल्डिंगीत राहणाऱ्या. त्यांचं घराणं या भागात आम्ही कोकणातून येण्याच्याही आधीपासूनचं. एका कंपनीत स्टेनो होत्या, आता एकट्या. आमच्या वाचनालयाच्या त्या सगळ्यात जुन्या बाहेरच्या सभासद. त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'असले देवदूत मी कधी ऐकले नाहीत. आमच्या मम्मीने सांगितलेला तर उजव्या हाताला उभा राहायचा आणि काही बोलायचा नाही. पण लिहिणाऱ्याला भीती माहीत आहे. तिसरा भाग आला की कळवा.'

मला लाज वाटली. या लोकांची. सभेत बँकवाले, पोलिसातले, टॉवरची स्वप्नं बघणारे बसणार, आणि आम्ही त्यांना काय दाखवणार? की गिरणी कामगारांनी पोटाला चिमटा काढून उभं केलेलं वाचनालय आता एंजल कधी येतो याची वाट बघतंय? चार कपाटं भरून चळवळीची पुस्तकं होती, त्यांचे कागद कोरे. मला रागच आला. दार उभं आहे, घर नाही, ही ओळ मी वाचली आणि पुढे गेले. खरंच पुढे गेले. माझ्या डोक्यात तेव्हा मथळा घोळत होता.

दुपारभर बसून मी अकरा अभिप्राय लिहून काढले. नववीतल्या मुलीचा असा झाला: 'देवदूतांच्या शुभ्र पंखांआड दडलेले हे भांडवलाचे दलाल आमच्या डोक्यावरचं छप्पर हिरावू पाहत आहेत. ही कादंबरी म्हणजे आमच्या गिरणगावाचीच शोकांतिका! - इयत्ता नववी, दुसरा मजला.' तिसऱ्या मजल्यावरच्या त्या झोपाळूच्या तोंडी मी 'वाचन हेच खरं शस्त्र' घातलं. आणि आंटींना, मला हे लिहायलासुद्धा नको वाटतंय, आंटींना मी 'एक ख्रिस्ती भगिनी' केलं आणि लिहिलं: 'देवदूत ही गरिबांना झोपवण्याची जुनी युक्ती आहे, हे या पुस्तकाने माझ्या लक्षात आणून दिलं.'

मला ते धाडसी वाटलं. हे वाक्य कुणाच्या तरी तोंडी घालता आलं याचा आनंदच झाला होता मला.

काका म्हणाले, "वाचून दाखव." मी मथळा वाचून दाखवला. "जसेच्या तसेच ना?" "हो काका." पट्टी लावलेल्या माणसाशी खोटं बोलायला काय लागतं?

शुक्रवारी छापून आलं, शनिवारी घरोघरी गेलं. आईने स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं आणि चष्मा वर केला.

"ह्यां सगळां तूच लिवलंस मा गो?"

"नाही. वाचकांचं आहे."

"पोरां अशी बोलतत काय कधी? ही तुझी भाषा. मी काय वळखूचंय नाय?"

"आई, तुला नाही कळत."

"बरां. माका नाय कळत," ती म्हणाली आणि कागद घडी करून डब्याखाली ठेवला.

रविवारी चाळीच्या चौकात प्लॅस्टिकच्या खुर्च्या लागल्या. गर्दी चांगली होती. पत्रकाचा परिणाम, असं मी मनात म्हटलं. काका पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी त्यांनी मुद्दाम बोलावलेल्या आंटी. विषय आला तेव्हा सेक्रेटरी आमचं पत्रक हातात घेऊन उभा राहिला.

"मी वाचलं. दोनदा वाचलं. एवढे मोठे शब्द आमच्या चाळीत आहेत हे मला माहीत नव्हतं." लोक हसले. "हे इयत्ता नववी, दुसरा मजला कोण आहे? दुसऱ्या मजल्यावर नववीत एकच आहे. ये गं बाळा, पुढे ये. तुझं तू वाच, सगळ्यांना ऐकू दे."

ती आईजवळ बसली होती. आईने ढकललं तशी उठली. तिने पत्रक आधी वाचलंच नसावं. पोरं कशाला पत्रकं वाचतायत? तिने कागद घेतला आणि शाळेत धडा वाचतात तसं सुरू केलं. "देवदूतांच्या शुभ्र पंखांआड दडलेले हे भांडवलाचे दलाल..." मागून कुणीतरी शिट्टी मारली. ती थांबली. पुढचं मनातल्या मनात वाचलं.

"हे माझं नाहीये."

"अगं वाच ना गुपचूप," तिची आई म्हणाली. "लायब्ररीसाठीच आहे ते."

"पण आई, माझं असं नव्हतंच. माझं दाराचं होतं."

"कसल्या दाराचं?" सेक्रेटरीने विचारलं.

"ताईला माहितेय," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. तिला वाटत होतं की छापणाऱ्याने काहीतरी घोटाळा केलाय आणि ताई आता उठून सांगेल.

ताई उठली नाही.

तिसऱ्या मजल्यावरचा उठला. "ओ, माझंपण नाहीये! मी झोप आली लिहिलेलं!" चौकात हशा पिकला. "माझंपण नाही," अजून एक. "शिवी माझी होती, ती कुठेय?" आता लोक पोट धरून हसत होते आणि मी बसल्या जागी पत्रकाची घडी घालत होते, उलगडत होते, परत घालत होते.

मग आंटी उभ्या राहिल्या. हसणं आपोआप कमी झालं.

"मी तुमच्या सोसायटीची मेंबर नाही. बोलले तर चालेल?"

"बोला ना आंटी."

"ही ख्रिस्ती भगिनी म्हणजे मीच असणार. तुमच्या लायब्ररीत आमच्यातली दुसरी कोण येते?" त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला, मग खाली केला. "मी हे वाचून दाखवत नाही. आमच्या चर्चची एक बाई तुमच्या चाळीत ब्लाउज शिवायला टाकते, तिने काल मला हे आणून दिलं आणि विचारलं, तू असं म्हणालीस? मी म्हटलं, मी वेगळं लिहिलं होतं. आणि मला एवढंच विचारायचं होतं." त्या माझ्याकडे वळल्या. त्यांना कुणी सांगितलं होतं, की कळलंच होतं, कोण जाणे. "माझ्या लिहिण्यात काय चुकलं होतं, म्हणून बदललं?"

मला उत्तर येत होतं. तुमचं काही चुकलं नव्हतं, मला ते पुरेसं वाटलं नाही. पण हे माणसाच्या तोंडावर कसं सांगणार? मी म्हणाले, "सॉरी आंटी." चौकात बसलेल्या शेवटच्या माणसालाही ते ऐकू गेलं नसेल.

काका उठले, चाचपडत वाचनालयात गेले आणि ते पुस्तक घेऊन आले. भाता उघडून मुलीच्या हातात दिला. "तुझं शोध. वाच." तिने शोधलं आणि वाचलं. वाईट देवदूत आवडायचा इथे लोक हसले. दाराशी आली तेव्हा हसणं थांबलं. ती टकटक करते आणि थोडं थांबते. आमच्या चाळीतल्या निम्म्या घरांना महिन्याभरात खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. तळमजल्यावरच्या एक मावशी म्हणाल्या, "परत वाच गो बाय." तिने परत वाचलं.

सेक्रेटरी म्हणाला, आणि ते मला जास्त लागलं कारण तो आवाज न चढवता बोलत होता, "हे छापलं असतं ना, तर मीच पहिला हात वर केला असता. पण आता हे पत्रक बाहेर गेलंय. विकासकाच्या ऑफिसातपण गेलंय, तूच टाकलंस. तो मला विचारणार, अभिप्राय खोटे तर वाचक खरे कशावरून? आणि उद्या आपण दुसऱ्या कुठल्या मागणीवर सह्या नेल्या तर त्या तरी खऱ्या कशावरून?"

हात वर झाले. मोजले. कमी पडले. आईने वर केला होता. तिचा हात मला दिसला. ठराव असा झाला की हॉल होईल आणि हॉलमध्ये एक कपाट पुस्तकांना. चारातलं एक.

मी काकांना गाठलं. "काका, माझं चुकलं."

"तू ते पुस्तक वाचलंस?"

"नाही."

"कागद तरी नीट वाचलास?"

त्यांनी किल्ली काढली. ते म्हणाले, "कपाटात कुठली ठेवायची ते मी बघतो. तू नको," आणि खोलीला कुलूप लावलं.

आंटींकडे मी दुसऱ्या दिवशी गेले. जाताना लिहून नेलं होतं, एक पानभर, वर 'दिलगिरी' असा मथळा. त्यांनी दारातच वाचलं.

"हेपण पत्रकच आहे," त्या म्हणाल्या. मग, "आत ये, पाणी घे." मी पाणी प्यायले. त्या म्हणाल्या, "मला नको सांगूस, मला माहीत आहे मी काय लिहिलं ते. त्या बाईला सांग. मी वेगळं लिहिलं होतं म्हटलं ते तिला पटलेलं नाही, आज मी जिन्यात दिसले तर तिने दुसरीकडे बघितलं. पन्नास वर्षं एका बाकावर बसतो आम्ही."

म्हणून पुढच्या रविवारी मी चर्चच्या फाटकाबाहेर उभी राहिले. आजवर हजारो कागद लोकांच्या हातात दिले होते, त्या दिवशी हात रिकामे होते आणि त्यांचं काय करावं ते कळत नव्हतं. आंटींनी लांबून बाई दाखवली. मी पुढे जाऊन म्हणाले, "ते देवदूतांचं मी लिहिलं होतं. आंटींनी नाही. त्यांनी असं काही म्हटलेलं नाही."

बाईने मला आपादमस्तक पाहिलं. "मग तिचं नाव का टाकलंस?"

"नाव नव्हतं टाकलं."

"बरी आहेस," बाई म्हणाली. "नाव नव्हतं म्हणे!" आणि आंटींचा दंड धरून त्यांना घेऊन गेली.

संघटनेत मी हे सांगितलं. जे मला शिकवायचे ते म्हणाले, तुझी चूक एवढीच की पोरीला आधी विश्वासात घेतलं नाहीस. बाकी ठीक होतं. पूर्वी मी याला हो म्हटलं असतं. आता पत्रकं लिहिते, पण गृहिणी संतप्त असेल तर तिच्या दारात जाऊन विचारते, किती संतप्त, आणि ती म्हणाली थोडीशी, तर थोडीशी लिहिते. पत्रकं पडेल होतात. वरून बोलणी बसतात. बसू देत.

चाळ अजून उभी आहे, अर्धी रिकामी. काकांनी पुस्तकं स्वतःच्या गॅलरीत हलवलीत आणि तिथून देतात. मला देतात, हसत नाहीत. मी दोन्ही भाग वाचले. दुसऱ्या भागातला देवदूत खरंच फार उशिरा येतो. वाचून झाल्यावर मी भाता उघडला तेव्हा सभेनंतरचे अभिप्राय पाहिले. प्रत्येकाखाली, वेगवेगळ्या अक्षरांत, एक ओळ जास्तीची होती: 'हे छापू नये.' झोपाळूने तर आधी तेच लिहिलंय आणि मग पुस्तकाबद्दल.

परवा ती मुलगी जिन्यात भेटली. आता दहावीत आहे. भिंतीला चिकटून वाट दिली. मी थांबले. मला खरोखर जाणून घ्यायचं होतं, म्हणून विचारलं, "ती दारापाशी थांबते ना, तेव्हा तिला काय वाटत असेल गं? आतून कुणी येईल असं?"

ती पटकन बोलायला गेली. मग थांबली.

"ताई, हे कशासाठी विचारतेस?"

"कशासाठी नाही. असंच."

"असंच म्हणजे?"

मी म्हणाले, मी वाचलं म्हणून. तिने माझ्या हातांकडे पाहिलं, मग पत्रकांच्या पिशवीकडे. म्हणाली, "मला उशीर होतोय क्लासला," आणि जिना उतरून गेली.